लॉगिनवरचं तिसरं नाव

"निशा, आटप! अजून एकवीस घरांचे कागद राहिलेत!" तानी ओरडली.

मे महिन्याची सुट्टी होती. बदलापूरच्या सुयोगदादाच्या सेवा केंद्रात निशा, तिचा धाकटा भाऊ करण आणि मैत्रीण तानी मदतीला येत. तानीच्या वाडीतल्या त्रेचाळीस घरांचे जमिनीच्या दाव्याचे कागद स्कॅन करायचे होते. सोमवार शेवटचा दिवस! मूळ कागदांना तर वाळवी लागलेली.

मुलांसाठी दादानं 'मदतनीस' नावाचं साधं खातं करून दिलं होतं. त्यातून स्कॅनिंग होई, पण कॉम्प्युटरमध्ये मोठा बदल करायचा तर दादाचाच पासवर्ड लागे. शनिवारी सकाळी निशानं कॉम्प्युटर लावला आणि ती थबकली. रोज दोन नावं दिसत, आज तीन!

"दादा, हा 'सपोर्ट' कोण?"

"असेल कंपनीचा कोणीतरी!" दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मान वर न करता सुयोगदादा म्हणाला.

"आणि हे सुरक्षा अपडेट?"

"तासभर खातं गं ते! चार दिवस 'नंतर' दाबतोय. काही बिघडलं?"

निशाला चैन पडेना. तिनं अंबरनाथच्या सोनियामावशीला फोन लावला. मावशी एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायची.

"त्या खात्याखाली काय लिहिलंय?" मावशीनं विचारलं.

"प्रशासक."

"बाप रे! ऐक. या सिस्टीममध्ये एक भोक सापडलंय; ते बुजवायलाच नवं अपडेट आलंय. साध्या खात्यातून शिरलेला चोर त्यातून थेट मालक होऊन बसतो. आधी नेटची वायर काढ, मग स्कॅनच्या प्रती ठेवलेली बॅकअपची डिस्क. कॉम्प्युटर बंद करू नकोस, काही पुसू नकोस. मी निघालेच!"

"वायरीला हात लावायचा नाही!" निशाला टेबलाखाली वाकताना बघून सुयोगदादा गुरकावला. "बाहेर लाइन लागलीय!"

निशानं तानीला डोळा मारला.

"दादा, माझ्या बारकूआजाच्या कागदावरचा शिक्काच दिसत नाय! जरा उजेडात बघा ना!" तानी त्याला दाराशी घेऊन गेली. करण टेबलाखाली घुसला.

"कुठली?"

"निळी!"

खट्! निशानं डिस्कही उपटली.

"नेट गेलं!" कॉम्प्युटरकडे परतलेला दादा ओरडला.

"गेलं नाही, आम्ही काढलं," निशा म्हणाली. तिनं फोन त्याच्या कानाला लावला. ऐकता ऐकता दादाचा चेहरा पडला. "मी... काल मुलांच्या खात्यावर एक फुकटातला गेम टाकला होता."

मावशी येईपर्यंतचा तास सरता सरेना. तानी एका कोपऱ्यात वाळवी लागलेले कागद सरळ करत बसली होती. तिच्या आजानं या कागदांसाठी तीन वर्षं खेटे घातले होते.

मावशीनं डिस्क आपल्या लॅपटॉपवर तपासली. मग कॉम्प्युटरमधल्या नोंदी पाहिल्या.

"फायली शाबूत आहेत!" शेवटी ती हसली. "चोर त्या गेममधून कालच शिरला होता. आज फायलींना कुलूप घालणारा प्रोग्रॅम उतरवत होता, अर्ध्यावरच वायर निघाली. बाहेर काही गेल्याचंही दिसत नाही."

तानीनं निशाला घट्ट मिठीच मारली.

मावशीनं त्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो नव्यानं उभा केला, दोन्हींवर अपडेट टाकलं, पासवर्ड बदलायला लावले. रविवारी चौघं दिवसभर स्कॅन करत बसली. सोमवारी दुपारी दावे दाखल झाल्याची पोहोचपावती हातात आली, तेव्हा बारकूआजानं ती दोनदा कपाळाला लावली.

"चोर आला नि गेला, आमाला पत्ताच नाय! पोरांनो, वाडी राखलीत तुमी!"

"मोठा मी, पण शहाणी ही निघाली," सुयोगदादा निशाकडे बघून म्हणाला.

"आणि मी? टेबलाखाली टेंगूळ कोणाला आलं?" करणनं डोकं पुढे केलं.

सगळे खळखळून हसले. दोन दिवसांत निशाला पहिल्यांदाच सपाटून भूक लागली होती.