पर्चूमा

मलेशियातल्या सिबूच्या लाकूडतळावर सुरी नावाच्या मुलीने एका ओंडक्यावर खडूने लिहिलं, ‘सलांगन बातू’. वही उचलून वळते तो एक परका माणूस तेच पुसून ‘बांकिराई’ लिहीत होता.

“हात काढा,” ती म्हणाली.

“झाडाचं नाव चुकलंय, बाई.”

“तुमच्या गावात चुकलं असेल. इथे जंगल आमचं आहे.”

“तेवढं बरं कबूल केलंत... आता ते विकताय कुणाला, तेही सांगा.”

नाव सुरी आणि जीभही तशीच, पण त्या दिवशी तिने नुसता त्याच्या हातातला खडू हिसकावला — रागाने, आणि थोडं त्याच्या हसण्याने. तो कासपुल, सीमेपलीकडच्या, इंडोनेशियातल्या समारिंडाचा. मलेशियाने आणि इंडोनेशियाने दहा वर्षांत किती ओंडके परदेशी धाडले, याचा तक्ता करायला महिनाभर तो तिच्याच टेबलासमोर बसणार होता.

दोघांची भाषा एकच, निदान त्यांना तसं वाटत होतं. झाडांची नावं तेवढी सीमेला बदलत. म्हणून आधी त्यांनी नावांची यादी जुळवली, आणि मग रोज भांडले.

“ओंडके धाडणं बंद केलंत म्हणून संत झालात होय? आधी डोंगर बोडके केलेत, मग उपास धरलात.”

“आणि तुम्ही अजून पानावरून उठत नाही. मी नुसता आकडा वाचतोय.”

“मग आकडाच वाच. माझ्याकडे बघू नकोस.”

“आकड्याकडेच बघत होतो... मध्ये तू आलीस.”

तिला राग आला नाही, आणि याचाच तिला फार राग आला.

सुगीचा सण आला तेव्हा तिनेच त्याला घरी बोलावलं. सगळं गाव एका छपराखाली राहणारं तिचं लांबघर. तिथे परका तरुण नुसता जेवायला येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

“तुझ्या घरच्यांना जिंकायचं तर काय आणावं लागेल?” त्याने विचारलं.

“पर्चूमा,” ती हसून म्हणाली.

तो आला नाही. डोक्यावर चांदीचा मुकुट घालून सुरी दुपारपर्यंत दारात बसली. आत्याने विचारलं, “कोण यायचं होतं गं?” “कुणी नाही,” ती म्हणाली. मुकुट काढून तिने तो रागाने पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कासपुल सामान बांधत होता. महिना भरला होता, बाराची बोट होती.

“काल का नाही आलास?”

“तूच म्हणालीस ना, पर्चूमा.”

“हो. मग?”

“मग काय... व्यर्थ ते व्यर्थ. कशाला उगाच यायचं?”

सुरीच्या आत्ता लक्षात आलं. तिच्याकडे पर्चूमा म्हणजे फुकट, काही नको. त्याच्याकडे तोच शब्द म्हणजे व्यर्थ, काही उपयोग नाही. झाडांची एकशेबारा नावं जुळवली होती त्यांनी, आणि हा एवढा शब्द राहिला होता.

“मूर्खा,” ती ओरडलीच, “काही आणू नकोस, हात हलवत ये, असं म्हणत होते मी. माझा जीव जडलाय तुझ्यावर, आणि तू अर्थ काढत बसलास.”

त्याने पिशवी खाली ठेवली. नदीवर बोटीचा भोंगा वाजला.

“सुरी... आता थांबलो तर उपयोग आहे?”

तिने तोंड फिरवलं. राग उतरला नव्हता, आणि इतक्यात तिला तो उतरवायचाही नव्हता.

“पर्चूमा,” ती म्हणाली. “कुठल्या बाजूचा अर्थ घ्यायचा, ते तू बघ.”

बोट सुटली तेव्हा कासपुल तिच्यासमोर बसून यादीत एक ओळ वाढवत होता.