नवशिक्यांचं कपाट

"अहो, क्वांटम कॉम्प्युटिंगचं सोप्यात सोपं पुस्तक दाखवता का?"

स्टुलावर उभं राहून वरच्या फळीवरचं पुस्तक चाळणारा तो वळला. निळा युनिफॉर्म, बाहीवर ग्रीसचा डाग... आणि डोळ्यांत मिश्कील हसू.

"सोपं म्हणजे किती सोपं?"

"मला काहीच येत नाही, इतकं!"

"मग आपलं जमेल," म्हणत तो खाली उतरला.

त्याने आधी एक चित्रांचं देखणं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि लगेच काढूनही घेतलं. "हे वाचलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. स्वानुभव!" दुसरं चांगलं जाडजूड होतं. "हे उघडलं की झोप छान लागते." मग त्याने काखेतलं, मघाशी चाळत असलेलं मधल्या जाडीचं पुस्तक पुढे केलं. "यात आधी मॅट्रिक्स शिकवतात, मग क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट. धड्यामागे उदाहरणं, शेवटी उत्तरं. एकट्याने शिकणाऱ्याने उत्तरं नसलेलं पुस्तक घेऊच नये. अडलं तर रडायचं कुणापाशी?"

"तुमच्या दुकानात सगळेच इतकं समजावून सांगतात?"

"कुणास ठाऊक. मी लिफ्ट दुरुस्त करायला आलोय."

गल्ल्यावरचे काका खो खो हसले. माझे कान तापले. त्या पुस्तकाची एकच प्रत होती, आणि तो मघापासून तीच चाळत होता.

"तुम्हालाच हवं होतं ना हे?"

"हवंय. पण मागितलं तुम्ही आधी—"

"मग मिळून वाचू," मी बोलून गेले.

दर रविवारी सकाळी दुकानाशेजारच्या कॅन्टीनमध्ये आम्ही बसू लागलो. मी विमा कंपनीत दिवसभर पॉलिसी टाइप करणारी, गणिताची पदवी घेऊन गणित विसरलेली. तो वडील अंथरुणाला खिळले म्हणून कॉलेज अर्ध्यावर सोडलेला. दूरच्या शहरातल्या एका संस्थेत याच विषयाचा अभ्यासक्रम होता. प्रवेश परीक्षा दोघांनी द्यायची, असं ठरलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मात्र ठरवून झालं नाही.

"मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं," मी सांगत होते. "म्हणजे बघ, आधी चहा मग गणित वेगळं, आणि आधी गणित मग चहा वेगळं."

"मला दोन्हीकडून चहाच लागतो," तो म्हणाला, आणि माझाच कप उचलून प्यायला. मी लटकं रागावले... कप परत घेतला नाही.

पण दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात राबून आलेल्या त्याच्या डोक्यात गणित शिरेना. तेच पान तो पुन्हा पुन्हा वाची. माझं मात्र सुसाट सुटलं होतं. एकदा त्याचा उतरलेला चेहरा पाहून मी म्हणाले, "मलाही नाही कळलं. आणखी सोपं पुस्तक बघू या?" त्याचा चेहरा असा काही खुलला की मग मी तेच करत राहिले. नवशिक्यांच्या कपाटापाशी आम्ही पुन्हा पुन्हा जाऊ लागलो.

"अगं, नवशिक्यांची पुस्तकं तरी किती!" ताई म्हणाली. "शिकतेयस की संसार मांडतेयस?"

परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली. "पुढच्या वर्षी बसू," मी त्याला म्हणाले.

त्या शनिवारी ऑफिसात जादा काम आहे असं त्याला सांगून मी दुकानाच्या वरच्या मजल्यावर जमिनीवर बसले होते. मांडीवर ते जाडजूड पुस्तक, हातात पेन्सिल. सोडवता सोडवता गुणगुणतही असेन. मान वर केली, तर तो समोर. लिफ्टच्या कामाला आला होता.

"हे झोपेचं पुस्तक ना?" त्याचा आवाज अगदी हळू होता.

मी पुस्तक मिटलं.

"म्हणजे मला कळत नव्हतं तेव्हा तुला कळत होतं."

"मला तुझ्याबरोबर थांबायचं होतं रे..."

"तू थांबली होतीस. मला वाटत होतं, आपण दोघं चाललोय."

तो माझ्याशेजारी बसला. बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. "फॉर्म भर."

"तुझ्याशिवाय नाही."

"ऐक. बाबांपायी माझं शिक्षण राहिलं. मी त्यांना कधी एका शब्दाने बोललो नाही. पण त्यांना कूस बदलून देताना कधीकधी मनात काय येतं, ते मलाच माहीत. तुझ्या मनात माझ्याबद्दल तसलं काही येऊ नये."

मी फॉर्म भरला. पासही झाले. 'नापास झाले तर बरं' असं मनात घोकत गेलेली मी पेपर हातात पडल्यावर सगळं विसरले, आणि याचंच नंतर सगळ्यात जास्त रडू आलं.

निघाले त्या दिवशी तो बसस्टँडवर आला. बॅग वर चढवून दिली, खिडकी घट्ट होती ती ओढून उघडून दिली. मग खिडकीखाली उभा राहिला.

"तू मला आवडतोस," मी म्हणाले. "खूप आधीपासून."

"मलाही तू... फार."

"मग तसं म्हण ना. वाट बघ म्हण."

"म्हणालो तर तू बघशील," तो म्हणाला. "म्हणून म्हणत नाही."

बस सुरू झाली. मी हात बाहेर काढला, त्याने तो धरला, बसबरोबर चार पावलं चालला... आणि सोडला.

शेजारच्या अनोळखी बाईंनी काही न विचारता आपला रुमाल माझ्या हातात ठेवला. मग मात्र मला आवरलं नाही.