देवळाचं दार

केजच्या शाळेत मी तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी टिंगल करायचो, हे आधीच सांगून टाकतो.

युसूफ वडगावजवळच्या एका खेड्यातलं जुनं चर्च पाडायचं होतं. भिंती फुटल्या होत्या, पंचांनी नवं बांधायचं ठरवलं होतं. तिथं झाडलोट करणाऱ्या वनमालाबाई माझ्याकडे आल्या. चर्चला त्या देऊळच म्हणायच्या.

"सलाम, सर. आमच्या देवळाचं चित्र काढून द्या. आमचे हे गेले, त्यांचा एक फोटू न्हाई. घंटा वाजवून त्या दारातच उभे ऱ्हायचे. तेवढं दार तरी ऱ्हाऊ द्या माज्यापाशी."

मला नाही म्हणवेना.

दार पूर्वेला. "सकाळचं काढा, आत ऊन जातं," बाई म्हणाल्या. पण समोरून ऊन आलं की भिंत भाकरीसारखी सपाट दिसते. मी साडेदहाचं तिरपं ऊन घेतलं, दगडाचा खडबडीतपणा उठून आला. दार मधोमध न घेता डावीकडे सरकवलं. त्याच्या फळ्या आधीच कुणीतरी काढून नेल्या होत्या, म्हणून तिथं नुसता अंधार भरला.

दुसऱ्या दिवशी त्या अंधारात फिकट डाग दिसला, माणसाच्या उंचीचा. कागद ओला राहिला असेल म्हणून वरून गडद हात दिला.

तिसऱ्या दिवशी डाग परत. चरफडत ब्रश भिजवला आणि समोरच्या खऱ्या दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

कागदावरच्या डागाला आता खांदे होते.

मला भीती वाटली. पण बाईंचा चेहरा आठवला आणि तो डाग पुसवेना. चित्र तसंच रविवारी देऊन आलो.

सोमवारी जेसीबी आला. बाई रडत असतील म्हणून दुपारी गेलो. देवळाच्या जागी दगडांचा ढीग होता. मागच्या घरात बाई शांतपणे चहा उकळत होत्या.

"बसा, सर."

"वाईट वाटलं असेल."

"लई धूळ झाली हो. पर ह्यांनी दार लावून घेतलं."

भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

डाग नव्हता. अंधार नव्हता. निळ्या रंगाच्या दोन फळ्या घट्ट मिटलेल्या होत्या.

"निळंच व्हतं," बाई म्हणाल्या.

अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. जवळ जाऊन पाहिलं. बाहेरून कडी नव्हती, कुलूप नव्हतं.

दार आतून लावलेलं होतं.