कोरी बॅटरी

लाल वायर.

शिरपूर जैनच्या बाहेर, माझा धाकटा भाऊ चंपत याच्या वांग्यांच्या मळ्यात टिनाची एक खोली आहे. फवारणी पंपासाठी मी बनवलेल्या सोडियमच्या बॅटऱ्या तिथे मे महिन्याच्या उन्हात तपासायला ठेवल्या होत्या. सोबत एक कोरी. डबी तीच, आत काहीच भरलेले नाही. तिच्यावर मीटरने शून्यच दाखवायला हवे. ती शून्य, म्हणून बाकीच्यांचे आकडे खरे. माझी बावीस वर्षे अशा रिकाम्या डब्यांच्या भरवशावर उभी आहेत.

काळी वायर.

भरलेल्या बॅटऱ्या फुगून मेल्या. कोरीवर बारा व्होल्ट.

मीटर बदलला. वायरी बदलल्या. झाकण उघडून पाहिले: आत कोरडे, स्वच्छ, नव्या पत्र्याचा वास. झाकण लावले. साडेबारा.

"मीटरच बिघडलं असन, ताई," चंपतची बायको रंगूबाई म्हणाली.

मी तिला वायरींची टोके चिमटीत धरायला सांगितली. पडद्यावर बारीक आकडे नाचू लागले. माणसाच्या अंगातही थोडी वीज असते, मी म्हणाले.

चंपतनेही धरून पाहिली. नाचले.

"तुमच्यातबी हाय म्हंते वो," रंगूबाई म्हणाली. "मंग वावरात तण निंदाच्या वक्ती कुठं जाते?"

कोरी बॅटरी पंपात बसवून त्याने सगळी वांगी फवारली. पंप दमला नाही.

"ताई, हेच बनव ना तू. आत काई भराची कटकटच नाई."

लाल.

संध्याकाळी हर्षलचा फोन आला. पूर्वी माझा विद्यार्थी, आता माझा साहेब. प्रकल्प चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्याला ठरवायचे होते.

"भरलेल्या गेल्या, ठीक आहे, सुचिता मॅडम. उन्हाचं कारण देता येईल. कोरी?"

खरे सांगितले असते तर हा उन्हाळाच काय, मागचा एकेक आकडा खोटा ठरला असता. दाराबाहेर पंप कोरीवर अजून घरघरत होता.

"शून्य," मी म्हणाले.

"छान. मग चालू ठेवू."

त्याने दुसरे काही विचारले नाही.

दोन्ही.

मीटर समोरच होता. सहज दोन्ही टोके चिमटीत धरली.

०.०००

बोटे ओली केली. पुन्हा धरली.

शेवटचा आकडासुद्धा हलला नाही.

"द्या इकडं," रंगूबाई म्हणाली. तिच्या हातात आकडे नाचले. माझ्या हातात थांबले. तिच्या हातात नाचले.

मी हात पुढे केला.

तिने वायरी दिल्या नाहीत. त्या मुठीत घट्ट धरून, माझ्याकडे न पाहता, ती दारात आलेल्या चंपतच्या मागे जाऊन उभी राहिली.