सोनं सोडून तांबं

"तो परत आला होता," इडिथ लिंडक्विस्ट म्हणाली. तिने कप बशीत ठेवला. "काल, भर दुपारी. मी माळ्यावर होते. खाली बाबांच्या खोलीत कुणीतरी कपाटं उघडत होतं. तोंड दाबून बसून राहिले."

तिचे वडील नाण्यांचे संग्राहक. चार दिवसांपूर्वी तळघराच्या पायऱ्यांखाली मरून पडलेले सापडले. सॅक्रॅमेंटोच्या पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली होती.

"चोरीला काय गेलं?" गुप्तहेर मेरियन कॉइलने विचारलं.

"एक तांब्याचं नाणं, बाबा गेले त्याच दिवशी. तसं दुसरं आता कुणाकडेच उरलेलं नाही. पण शेजारीच त्याच छापाचं सोन्याचं होतं, १८५०चं. त्याला हातही लावला नाही!"

"चोर वेडा दिसतोय," मेरियनचा सोबती गस पुटपुटला.

तांब्याच्या नाण्याचा फोटो इडिथने माळ्यावर ठेवला होता. मेरियनने तो आणि सोन्याचं नाणं भिंगाखाली धरलं. दोन्हींवर गरुडाच्या पंखाजवळ एक बारीक पुटकुळी होती.

मग तिने दोन संशयितांना बोलावून घेतलं. इडिथचा भाऊ रॉइस उखडलाच. "सोन्यावरून भांडलो बाबांशी, कबूल. तांबं घेऊन काय चाटू?"

नाण्यांचा व्यापारी स्ट्राउड हसला. "तांब्याची ती खेळणी हो! टाकसाळ बुडाली, ठसे साठ वर्षं गंजत पडले, मग कुणा हौशी माणसाने त्यांवरून तांब्यात नाणी पाडली. मी विकलेलं सोन्याचं मात्र अस्सल. ठसे कोरे करकरीत असतानाचं."

मेरियनने दाराला कडी घातली.

"ठशाला गंजाने खड्डा पडला, की नाण्यावर पुटकुळी उठते. तांब्यावर ती असणारच. कोऱ्या ठशाच्या सोन्यावर कशी आली?"

गसने डोळे विस्फारले. "म्हणजे सोन्याचं नाणं नंतर पाडलंय!"

"यांनीच. इडिथच्या वडिलांनी दोन्ही नाणी ताडून पाहिली आणि यांना जाब विचारला. तांब्याचं गेलं की पुरावा संपला. उरला हा फोटो. काल तोच शोधत होतात ना, स्ट्राउड?"

स्ट्राउडचा हात कोटाच्या खिशात गेला. रॉइसने झडप घालून मनगट पिरगाळलं. पिस्तूल गालिच्यावर पडलं.

"मला फक्त नाणं हवं होतं," स्ट्राउड घोगऱ्या आवाजात म्हणाला. "झटापटीत ते खाली गडगडले. तरी मूठ उघडेनात. एकेक बोट सोडवावं लागलं."

"तेव्हा ते जिवंत होते?" इडिथने विचारलं.

स्ट्राउडने तिच्याकडे पाहिलं.

"तुलाच हाक मारत होते," तो म्हणाला.