तीन लाल ठिपके

हरिओम पहिल्यांदा माझ्या दुकानासमोर थांबला, तो ऐन रस्त्यात. पिकअप माझ्याच वयाची, मागे सीताफळांचे क्रेट. डावा इंडिकेटर लागलेला, पण लुकलुकायचं नाव नाही.

"मिस्त्री कुठाय?"

"ही काय, समोर उभी हाय. गाडी बाजूला घ्या आदी!"

तेलगावच्या नाक्यावर गाड्यांचं वायरिंग करणारी मी एकटीच पोरगी. 'दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर चालव, न्हाई तर कुलूप,' असं माझ्या वडिलांनी, आण्णांनी, बजावलेलं. मी डॅशबोर्डखाली वाकले, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर जळलेला, तो उपटला, नवा बसवला. टिक-टिक सुरू! नव्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका असेल तर गॅरंटी, हा माझा नियम.

जळका फ्लॅशर त्यानं मागून घेतला.

"त्याचं काय करता?"

"ऱ्हाऊ द्या... आठवन."

आठ दिवसांत स्वारी परत! "मॅडम, टिकटिक बंद पडली." टेबलावर दोन सीताफळं ठेवली. गॅरंटी दिलेली, काय करणार? मी फ्लॅशर बदलला. जळका त्यानं पुन्हा मागून घेतला, आणि चार दिवसांनी पुन्हा हजर. माझं डोकंच फिरलं.

"गाडीला करता तरी काय तुमी?"

"मी कुठं काय करतो? तिलाच तुमच्या दारात यायला लई आवडतंय."

"असलं बोलनं मला चालत न्हाई!"

"बरं... मग सीताफळ तर चालतंय?"

आगाऊ मेला! तिसराही बसवून दिला, जळका त्यानं नेलाच. राग येत होता, अगदी खरा. पण तो गेल्यावर मी रस्त्याकडं बघत बसायचे, त्याचा राग जास्त येत होता.

चौथ्यांदा तो आला तेव्हा नेमके बजरंग मुकादम दुकानात बसलेले. टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आधी त्यांच्या बारा गाड्यांचं वायरिंग मला मिळणार होतं. बारा गाड्या म्हणजे आण्णांचं तोंड बंद.

"हीच गाडी परत?" मुकादम उठले. "पोरी, माज्या गाड्या अशा वाटंत बंद पडल्या म्हंजी? मी माजलगावलाच नेतो."

ते गेले. मी रागानं फ्लॅशर उपटला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. ठिपका नाही! तोच पहिला जळका. डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर रुमालात माझे तीन चांगले फ्लॅशर, तिन्हींवर लाल ठिपके.

"हे काय हाय?"

त्याची मान खाली. "तुमाला बघाया यायचं म्हनलं तर... काय तरी कारन पायजे ना."

"तुमाला कारन पायजे होतं, आन माजं दुकान बुडालं त्यापायी! मिस्त्रिनीच्या हाताला गुन न्हाई, म्हनतील लोक!" मला रडूच फुटलं. "जावा. परत दिसू नका हितं."

त्यानं रुमाल गुंडाळून घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर गलका झाला. वीसेक ड्रायव्हर, मध्ये मुकादम, आणि त्यांच्यापुढं रुमाल उघडून उभा हरिओम!

"मुकादम, तिचं काम एकदाबी बिघडलं न्हाई. हे बघा तिचे ठिपके. चांगला काडून जळका मीच बसवायचो."

"का रं पन?"

त्यानं माझ्या दुकानाकडं पाहिलं. कान लालबुंद. "मला... उज्ज्वला आवडती म्हनून."

सगळा नाका हसला. शिट्ट्या काय, टाळ्या काय! मला जमीन फाटली तर बरं असं झालं. आणि खरं सांगते, इतकं छानही कधी वाटलं नव्हतं. मुकादम डोळे पुसत दुकानात आले. "पोरी, उद्यापून दोन-दोन गाड्या धाडतो. त्या येड्याला मातर सांबाळ."

येडा तोवर खालमानेनं पिकअप घेऊन निघालेला. खिडकीतून हात काढून वळायला लागला.

"थांबा!"

थांबला. पुन्हा ऐन रस्त्यात. मी त्याच्या रुमालातला एक फ्लॅशर घेऊन बसवला. टिक-टिक.

"ह्याला हात लावला तर हात मोडीन."

"मग यायला... कारन?"

"कारन कशाला लागतंय? रविवारी आण्णा घरी असत्यात. आईला घेऊन या." मी श्वास घेतला. "गाडीतला ठिपका बघूनच घरात घेईन."

तो इतका खूश होऊन निघाला की वळण मागे पडलं तरी डावा इंडिकेटर तसाच टिकटिकत राहिला. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न मारून बेजार.

"इंडिकेटर बंद कर की, येड्या!" मी भर नाक्यावर ओरडले.