टेकडी विरुद्ध नदी

मंजिरी कढीपत्ता आणायला गेली होती, एवढंच. रविवारची सकाळ, मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातलं ते नेहमीचं इंडियन दुकान, दारात आट्याच्या पिशव्यांची थप्पी आणि आत हिटरपाशी घुटमळणारी आपलीच माणसं. जूनची थंडी अशी, की कोथिंबिरीची जुडी हातात धरली तरी बोटं बधिर व्हावीत. तिथे तिला यतिन भेटला. हा तिचा पुण्यातल्या कॉलेजातला मित्र. आता टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण एके काळी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन.

"काय फितूर," तो नेहमीसारखा म्हणाला, "तुझा नवरा काय म्हणतोय?"

"तो तर दर रविवारी तुमच्याच बरोबर असतो, तुम्हीच सांगा. आणि जरा बेताने खेळवा रे दत्ताला. स्टेंट बसवून वर्ष नाही झालं अजून. मागच्या रविवारी बरगडीवर एवढा काळानिळा डाग घेऊन आला. कोपर कोणी मारलं? तू?"

यतिनचा चेहरा पडला. "मंजिरी, आम्ही डिसेंबरनंतर एकदाही खेळलो नाही. नचिकेतचा गुडघा गेला, मग एकेक जण गळाला. मी दत्ताला स्वतः सांगितलं, बुकिंग बंद कर, बस झालं आता." त्याने कुशीतली आट्याची पिशवी खाली टेकवली. "तो जातो अजून?"

मंजिरीने हातातला कढीपत्ता काउंटरवर ठेवला.

"मी तर रविवारी दुपारनंतर शुद्धीतच नसतो," यतिन पिशवी उचलत म्हणाला. "अशी झोप लागते, की चिन्मयी हाका मारून दमते. उठतो तेव्हा पोटऱ्या भरून आलेल्या. नचिकेतचंही तेच चाललंय म्हणे. वय झालं, मेट, दुसरं काय!"

तो हसला. मंजिरीला हसू आलं नाही. कढीपत्ता काउंटरवरच राहिला.

आता तिला तो फितूर का म्हणाला, ते सांगायला हवं. पुण्यात तेव्हा दोन कॉलेजं होती, एक टेकडीच्या पायथ्याशी आणि एक नदीकाठी. नावं होती हो त्यांना, चांगली लांबलचक, पण ती फक्त मार्कशीटवर. बाकी गावाला ठाऊक टेकडी आणि नदी. दरवर्षी दोघांची बास्केटबॉलची मॅच व्हायची आणि त्या दिवशी अर्धं गाव अभ्यास, दुकान, दवाखाना टाकून कोर्टावर. सिमेंटचं कोर्ट. दुपारी पोरं बादल्यांनी पाणी मारायची, तापलेल्या सिमेंटचा वास उठायचा, पोरं झाडांवर चढून बसायची. नदीच्या मुली ओरडायच्या, "टेकडी उतरा, नदी भरली!" त्यांत सगळ्यात मोठा आवाज मंजिरीचा. आणि हीच बया पुढे टेकडीच्या कॅप्टनशी लग्न करून बसली! दत्तप्रसादशी. तेव्हापासून ती फितूर.

त्या मॅचची एक रीत होती. शिट्टी वाजली म्हणून मॅच संपत नसे. हरलेल्या कॅप्टनने बॉल स्वतःच्या हाताने जिंकलेल्याच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचं, "आता तुमच्याकडे." हे शब्द निघेपर्यंत कोणी कोर्ट सोडायचं नाही, पाय मुरगळलेल्यानेसुद्धा नाही. आणि बॉल ज्याच्याकडे जाईल, पुढची मॅच त्याच्या दारात.

दोन्ही कोर्टांवर आता पार्किंग झालंय. पण त्या काळातली पोरं कुठे कुठे पांगली, त्यातली काही मेलबर्नला निघाली. दत्ताने एकेकाला हुडकून काढलं, ग्रुप केला, क्रेगीबर्नच्या टोकाला एका शाळेचा हॉल रविवारच्या आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा रडत होता. आनंदाने हो. इथे येऊन इतकी वर्षं झाली, एवढं खुललेलं मंजिरीने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. ऑफिसात माणसं कमी केली त्यात त्याचीही नोकरी गेली, मग छातीत दुखलं, स्टेंट बसला, डॉक्टर म्हणाले फक्त चालायचं. त्याच्यापाशी उरला होता तो रविवार. तोही काढून घ्यायला तिचं मन झालं नाही, आणि तिथेच तिचं चुकलं असं ती आज म्हणते.

कारण दत्ता झिजत चालला होता. गालफडं बसली, पँट कमरेवर ठरेना. जिना चढताना धाप लागायची. विचारलं की एकच उत्तर, "काय मॅच झाली गं आज! यत्या काय उडतो अजून!"

यत्या उडतो! तो यत्या तर त्या वेळी घरी घोरत पडलेला. मग हा कोणाशी खेळत होता?

त्या दुपारी जेवण झालं आणि दत्ता बॅग घेऊन निघाला. एरवी मंजिरी रविवारचं जेवून हिटर लावून आडवी व्हायची ती थेट दिवेलागणीला उठायची. आज तिने डोळ्याला पाणी लावलं, कडक कॉफी घेतली, लेकीला, श्रियाला, सांगितलं की बाबांना घेऊन येते.

"इज बाबा ओके?" अकरावीतल्या श्रियाने लॅपटॉपमधून मान वर न करताच विचारलं.

"असेल," मंजिरी म्हणाली. एवढंच तिला सुचलं.

घरं संपतात आणि माळरान सुरू होतं तिथे ती शाळा. पाच वाजले नव्हते तरी उजेड सरत आला होता. पार्किंगमध्ये दत्ताची गाडी, दुसरी एकही नाही. मंजिरी गाडीतून उतरली आणि जागीच थांबली. हॉलमधून बॉलचा आवाज येत होता. टप... टप... टप... आता त्या हॉलची जमीन लाकडी, ती स्वतः तिथे अनवाणी चालली होती. हा आवाज लाकडाचा नव्हता. कडक, कोरडा, सिमेंटचा. आणि दार ढकललं तर आतून वास आला तो तापलेल्या सिमेंटवर पाणी मारल्याचा. बाहेर गाडीच्या काचेवर दव धरलेलं आणि आत पुण्याचा मे महिना!

हॉलमध्ये अर्धेच दिवे होते. दत्ता एकटा धावत होता. घामाने निथळत, तोंड उघडं टाकून. मध्येच अंगावर कोणी आपटावं तसा धडपडला, सावरला, हवेत कोणाकडे तरी बघून हसला आणि पुन्हा धावला. त्याचा टीशर्ट पाठीमागून ताणला गेलेला मंजिरीने डोळ्यांनी पाहिला. मागे कोणी नव्हतं.

"दत्ता..."

त्याला ते ऐकू गेलं नाही. ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. आणि बसल्याबरोबर झोप आली. भीतीने झोप उडते ना माणसाची? हिला आली. पापण्या जड झाल्या, मिटायला लागल्या, आणि त्या अर्धवट मिटलेल्या पापण्यांतून तिला ते सगळे दिसले. नचिकेत, दोन्ही गुडघे धड. कपाळाला लाल पट्टी बांधलेला, मानेपर्यंत केस असलेला यतिन, सकाळी आट्याची पिशवी कुशीत घेऊन उभा होता तोच. विशीतली पोरं सगळी, घामाने चमकणारी, दमच न लागणारी. आणि त्यांच्यामध्ये तिचा सत्तेचाळीस वर्षांचा, स्टेंट घातलेला नवरा, फरपटत धावणारा.

बाकांवरून मुली ओरडत होत्या. "टेकडी उतरा, नदी भरली!"

त्यातला सगळ्यात मोठा आवाज तिने ओळखला. स्वतःचा आवाज कोण ओळखणार नाही? दर सोमवारी सकाळी आपला घसा का बसलेला असतो, ते त्या बाईला त्या क्षणी कळलं.

तिने दंडाला असा चिमटा काढला की रक्त आलं. डोळे टक्क उघडले. हॉल रिकामा. ओरडणं बंद. फक्त दत्ता आणि तो सिमेंटचा आवाज. आता पापणी लवू द्यायची नाही, तिने ठरवलं, आणि ती सरळ कोर्टात घुसली.

"दत्ता, घरी चल."

"अगं बाजूला हो! मॅच चालू आहे..." त्याच्या ओठांवर निळसर झाक होती. "तू... तू कशाला आलीस?"

"मरशील रे! चल म्हणते ना!"

"कोर्ट सोडता येत नाही, मंजू. तुला माहितीये."

"शिट्टी कधीची झाली?"

तो लहान मुलासारखा म्हणाला, "केव्हाच. हरलोय मी. दर रविवारी हरतो."

"मग बॉल देऊन टाक ना!"

"दिला की संपलं," दत्ता म्हणाला. बॉल त्याने पोटाशी धरला होता. "दर वेळी मी देत नाही, तसाच बगलेत मारून घरी येतो, म्हणून तर पुढच्या रविवारी ही सगळी असतात. मंजू, ही पोरं बघ गं... हा यत्या बघ. बाहेर मला कोण ओळखतं? सहा महिने झाले, एक फोन नाही. इथे मी कॅप्टन आहे. हे दिलं तर मला काय उरतं?"

"मी उरते! श्रिया उरते!" मंजिरी किंचाळली. तिला रडू फुटलं. "तुला आम्ही पुरत नाही का रे? तिला काय सांगू, तुझा बाप भुतांशी खेळता खेळता मेला?"

"भुतं नाहीत गं. जिवंत आहेत सगळे," तो म्हणाला, आणि छातीवर हात दाबून खाली बसला.

मंजिरीने त्याच्यापुढे गुडघे टेकले. दोन्ही हात पुढे केले. डोळे तिने ताणून उघडे ठेवले होते, त्यातून पाणी गळत होतं. "माझ्याकडे दे. मीही नदीचीच आहे. माझ्या हातात ठेव आणि बोल. तुझ्या पाया पडते, दत्ता."

पापण्या जराशा मिटल्या असत्या तर तिला दिसलं असतं, की तिच्या शेजारी यतिन हात पसरून केव्हाचा उभा होता. नदीचा कॅप्टन तो, बॉल त्याचा होता. पण तिने मिटल्या नाहीत. मनगटाला गार वारा लागला तेवढा, आणि तो तिने मनावर घेतला नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर घेतला असता का? मला नाही वाटत.

दत्ताने तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी बॉल तिच्या ओंजळीत ठेवला.

"आता तुमच्याकडे," तो म्हणाला.

वास गेला. गार लाकडी जमीन, पॉलिशचा वास, बाहेर हायवेवरचा ट्रक. मंजिरीने नवऱ्याला उठवलं, कमरेला धरून गाडीत बसवलं आणि थेट इमर्जन्सीत नेलं. तपासण्या झाल्या, हृदय शाबूत होतं. बॉल तिने लाल झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, कौन्सिलची गाडी तो घेऊन गेली. ती गाडी जाताना तिने खिडकीतून पाहिलं आणि देवापुढे दिवा लावला.

तो आठवडा छान गेला. खरंच छान गेला. दत्ताने वरणभात मागून खाल्ला, ग्रुप डिलीट केला, श्रियाला गाडी शिकवायला घेऊन गेला आणि दोघं भांडत परत आली. त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला. मंजिरी बाथरूमचं दार लावून सुखाने रडली.

रविवार आला. जेवण झाल्यावर दत्ता बॅगेकडे न बघता सोफ्यावर आडवा झाला. मंजिरीने त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. तिला स्वतःला मात्र आज अजिबात झोप नव्हती. अंगात नुसता उत्साह संचारला होता, पाय एका जागी ठरत नव्हते. तिने सगळी भांडी घासली, ओटा पुसला आणि ऊन उतरल्यावर चहा टाकला.

"दत्ता, ऊठ. चहा."

तो उठला नाही. तिने खांदा हलवला. गालावर चापट्या मारल्या. श्वास चालू होता, जोरात चालू होता, कपाळावर घाम. पांघरुणाखाली त्याची पावलं हलत होती.

तिने यतिनला फोन लावला. त्याच्या बायकोने, चिन्मयीने, उचलला.

"उठतोय कुठला गं! पडलाय नेहमीसारखा. का, काय झालं?"

मंजिरीच्या हातातून फोन गळून पडला. तेवढ्यात पुढचं दार उघडून श्रिया आत आली. गारठ्याने गाल लाल झालेले, हसत होती.

"आई, आपल्या ड्राइव्हवेमध्ये सम बॉइज आहेत. दे आर आस्किंग फॉर द कॅप्टन. मी म्हटलं राँग हाउस, तर म्हणाले नाही, बॉल इथेच आलाय."

बॉल ज्याच्याकडे, मॅच त्याच्या दारात! मंजिरीने दत्ताचा हात गच्च धरला. तो गरम होता, ओला होता, आणि त्याला सिमेंटच्या धुळीचा वास येत होता.

"अँड आई, त्यातला एक मुलगा ना, एक्झॅक्टली बाबासारखा दिसतो," श्रिया म्हणाली. "फक्त तो इतका खूश आहे... बाबाला मी तसं कधी बघितलंच नाही."